घरच्या व्यायामासाठी लोखंड घेताना: नागपूरच्या नवशिक्यांसाठी

माझ्या पहिल्या डंबेल सेटमधून सिमेंट निघालं. काळ्या चकचकीत पीव्हीसीच्या प्लेटी होत्या, वर पांढऱ्या अक्षरांत ‘५ किलो’ छापलेलं. मी त्या रोज फरशीवर जरा जोरातच टेकवायचो. एका मे महिन्यात एका प्लेटीच्या कडेला केसाएवढी चीर गेली आणि आठवडाभराने झाडू मारताना आईला कूलरखालच्या कोपऱ्यात राखाडी भुकटी सापडली. “हे काय सांडून राहिलं रे तुह्या व्यायामातून?” तिने विचारलं. रेती आणि सिमेंट होतं ते. पैसे फार गेले नाहीत, पण काय हवं ते न ठरवता दुकानात शिरलं की असंच होतं.

ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ट्रेनर नाही. मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर राहणारा, सहा वर्षं घरच्या घरी वजन उचलणारा नोकरदार माणूस आहे. खरेदीचा क्रम चुकला की पैसे वाया जातात, म्हणून जमलं तर याच क्रमाने जा.

पहिले पंधरा दिवस दुकानात जाऊ नका

घरात वजनं आहेतच. तेलाचा ५ लिटरचा रिकामा डबा पाण्याने भरला की साधारण ५ किलो. उन्हाळ्यात प्रत्येक घरी येणारा पाण्याचा जार २० लिटरचा, म्हणजे भरलेला २० किलोच्या वर. शाळेच्या जुन्या दप्तरात १० किलो गहू कट्ट्यासकट बसतात. जार मात्र अर्धा भरून घेऊ नका. पाणी आत हिंदकळतं आणि मनगट मुरगळतं.

आता पाच हालचाली करून पाहा: बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, छातीपासून ढकलणं (साधे दंड चालतील), कमरेत वाकून डबा पोटाकडे ओढणं आणि डोक्यावर नेणं. एक दिवसाआड करा. कोणत्या हालचालीत किती वजन, किती वेळा, ते वहीत लिहा. १५ वेळा गप्पा मारत होत असेल तर वजन कमी आहे. आठव्या-दहाव्या वेळेला दात-ओठ खावे लागत असतील, तर तुमचं सुरुवातीचं वजन तेच. या वहीशिवाय दुकानात गेलात तर दुकानदार सांगेल तेच तुमचं वजन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. पंधरा दिवसांत तुमचे चार दिवसही भरले नाहीत, तर खरेदी पुढे ढकला. डबे कुठे पळून जात नाहीत. बीपी, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल, तर या डब्यांच्याही आधी डॉक्टर. आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा.

आखाड्याचा हिशेब

विदर्भाला व्यायाम बाहेरून शिकायची गरज कधी पडली नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. जुन्या तालमीत काय काय असायचं ते आठवा: दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांब, चढायचा दोर. दंड म्हणजे ढकलणं. बैठका पायांसाठी. मुद्गल खांद्यांसाठी. आणि मल्लखांब-दोर म्हणजे स्वतःला वर ओढणं.

यातले दंड आणि बैठका फुकट होतात, त्यांना फक्त फरशी लागते. ओढायला मात्र काहीतरी हवंच. हात रिकामे असतील तर पाठीला काम देता येत नाही. घरी व्यायाम करणारे बहुतेक जण छाती आणि बाहूंच्या मागे लागतात, पाठ तशीच राहते, आणि दिवसभर संगणकापुढे बसून खांदे पुढे आलेलेच असतात. म्हणून माझं गणित असं: जे शरीर स्वतःच्या वजनाने करू शकत नाही, त्याला पैसे द्या. म्हणजे ओढायची सोय, आणि थोडं-थोडं वाढवता येईल असं वजन. बाकी सगळं नंतर.

बाजारभाव हलत राहतो, म्हणून प्रमाण सांगतो. दहा रुपये असतील तर सहा डंबेलच्या रॉड-प्लेटींवर, दोन ओढायच्या सोयीवर, दोन खाली अंथरायच्या मॅटवर. बेंच या दहात बसत नाही.

डंबेल: बारक्या प्लेटींची गोष्ट

प्रत्येक वजनाची वेगळी जोडी घेतली तर घर भरतं. प्लेटी बदलता येतात असे रॉडवाले डंबेल घ्या, प्लेटी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. पीव्हीसी सगळ्यात स्वस्त, पण त्याच वजनाला जाडजूड. रॉडवर दोन-तीनच मावतात. वरून रबर चढवलेल्या प्लेटी चांगल्या, पण महाग. फरशीवर मॅट असेल तर साधं बीड पुरतं.

नवशिक्याची सगळ्यात मोठी फसगत ‘२० किलोचा सेट’ या शब्दांत आहे. त्यात दोन्ही हातांचं मिळून २० किलो असतं. एका हाताला दहा, काही ठिकाणी रॉड धरून दहा. दुसरी फसगत म्हणजे त्या सेटमध्ये फक्त मोठ्या प्लेटी असतात. दोन डंबेलच्या मिळून चार बाजू, त्यामुळे प्लेटी चाराच्या पटीत लागतात. चार प्लेटी अडीच किलोच्या लावल्या की प्रत्येक हातात एकदम ५ किलो वाढले. पायांना ते चालेल. खांद्यांना ५ वरून १० वर जायला सांगणं म्हणजे पहिलीतल्या पोराला थेट पाचवीत बसवणं. मग पोर शाळाच सोडतं.

तर ही यादी घेऊन जा: अर्ध्या किलोच्या चार, १ किलोच्या चार, २ किलोच्या चार आणि अडीच किलोच्या चार. एकूण २४ किलो प्लेटी. एका बाजूच्या चार प्लेटी हातात घेऊन जुळवून पाहा: ०.५, १, १.५, २, २.५, ३... असं ६ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या किलोने काहीही जमतं. म्हणजे प्रत्येक डंबेल रिकाम्या रॉडपासून रॉड अधिक १२ किलोपर्यंत, दर वेळी फक्त एका किलोने वाढतो. हात जरा तंग असेल तर सुरुवातीला अडीचच्या चार सोडा, बाकीच्या १४ किलोंत रॉड अधिक ७ किलोपर्यंत पायऱ्या मिळतात. बैठकांना किंवा एका हाताने ओढायला जास्त हवं असेल, तर दोन्ही डंबेलच्या प्लेटी एकाच रॉडवर चढवा, मावतील तेवढ्या.

अर्ध्या किलोच्या प्लेटी दुकानदार हसत हसत काढून देतो, बऱ्याचदा मागच्या खोलीतून, धूळ झटकून. लहान मुलांच्या असतात म्हणतो. हसू द्या.

तसाच एक किस्सा बायकांच्या बाबतीत. बायको सोबत होती तेव्हा काउंटरवर न विचारता १ किलोचे गुलाबी डंबेल आले. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, वर टाकीचं वजन जवळपास तेवढंच, आणि तो ओट्याखाली सरकवते कोण? पाण्याचा जार माठावर उलटा करते कोण? तिच्या वहीत एका हाताने ओढायचं वजन ७ किलो होतं. गुलाबी जोडी तिने काउंटरवर उलटी सरकवली आणि २ किलोच्या प्लेटी मागितल्या.

रॉड आणि नट यांच्याकडे लोक बघतच नाहीत. घरगुती प्लेटींचं भोक साधारण २८ ते ३० मिमी असतं, जिममधल्या ऑलिंपिक रॉडच्या टोकांना ५० मिमीवाल्या प्लेटी लागतात. एकदा एक माप धरलं की तेच कायम ठेवा, नाहीतर दोन संसार होतात. रॉड २५ मिमीचा आणि भोक ३० चं असेल तर प्लेट खडखड करते. आट्यांचा रॉड आणि ताऱ्याच्या आकाराचा, फिरवून बसवायचा नट घ्या, नटाच्या आत रबरी वॉशर आहे का बघा. स्प्रिंगचे क्लिप पटकन लागतात खरे, पण डोक्यावर नेताना मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

बर्डीवर जाताना वजनकाटा न्या

आपल्याकडचं बरंचसं क्रीडासाहित्य मेरठ आणि जालंधरकडून येतं, त्यामुळे बर्डीवर पाहा की सदरला, माल पुष्कळदा सारखाच. फरक पडतो तो तुम्ही किती वेळ उभे राहता यावर. प्रवासाची बॅग मोजायचा आकड्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो ना, तो खिशात टाका.

मी ५ किलोची एक प्लेट त्या आकड्याला अडकवली. काट्यावर आलं ४.६. दुसरी, त्याच ढिगातली, ५.१. दुकानातला माणूस म्हणाला, “एवढं तं चालतेच भाऊ, लोखंड हाय, सोनं थोडीच हाय!” त्याचं अर्धं खरंही आहे. प्लेट ४.६ ची असली तरी स्नायूंना काही कळत नाही, पुढच्या वेळी तीच प्लेट उचलायची आहे. पण डाव्या हातात ४.६ आणि उजव्या हातात ५.१ नको. ढिगातून जुळणाऱ्या जोड्या निवडून घ्या. आणि भाव किलोवर लागत असेल तर पैसे छापलेल्या आकड्याचे न देता काट्यावरच्या आकड्याचे द्या. मी तसं म्हटल्यावर आधी तोंड वाकडं झालं, मग हिशेब झाला.

ऑनलाइन मागवायला हरकत नाही, पण लोखंड पाठवण्याचा खर्च कुठेतरी लपलेला असतोच, आणि फुटकी प्लेट परत पाठवणं म्हणजे पुन्हा तेवढंच ओझं उचलून नेणं. रबरी पट्टे ऑनलाइन, लोखंड इथलं, असं मी करतो.

जुनं घ्यायचं असेल तर एप्रिल-मे बघा. शाळा संपली की बँका, केंद्र सरकारची ऑफिसं यांच्यातल्या बदल्यांचे आदेश निघतात आणि सामान हलवायच्या आधी लोक वजनं काढतात. शिवाय जानेवारीत उत्साहाने घेतलेलं तोवर गच्चीच्या जिन्यात गेलेलं असतं. बीड जुनं झाल्याने बिघडत नाही. प्लेट सुतळीला टांगून चमच्याने वाजवा: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. रॉड सपाट फरशीवर लोळवा, वाकलेला असेल तर टोक नाचतं. नट शेवटपर्यंत हाताने फिरतो का ते पाहा. रबरी पट्टे मात्र जुने कधीच घेऊ नका.

ओढायची सोय

सगळ्यात सोपा म्हणजे लांब रबरी पट्टा, गोल बंद असलेला. जितका ताणाल तितका जोर वाढतो, त्यामुळे कमी ताणून सुरुवात करता येते. दारात अडकवायचा कापडी अँकर मिळतो. इथे एक चूक जिवावर बेतू शकते: दार कोणत्या बाजूला उघडतं ते बघून उभं राहा. तुम्ही ओढल्यावर दार चौकटीत आणखी घट्ट बसलं पाहिजे. उलट्या बाजूला उभे राहिलात तर कडी निसटली की दार थेट तोंडावर. पलीकडून कुणी उघडू नये म्हणून बाहेरच्या कडीला एखादा लाल रुमाल बांधा. आमच्या घरी बांधतो.

लटकायच्या दांड्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण यात लोक पडतात, अक्षरशः. चौकटीच्या वरच्या कडेला अडकवायचे जे दांडे ऑनलाइन दिसतात, त्यांना चौकटीची बाहेर आलेली रुंद पट्टी लागते. आपल्या फ्लॅटमध्ये चौकट बहुधा भिंतीशी सपाट असते, अडकवायला कडच नसते. फिरवून दाबून बसवायचा दांडा ऑइलपेंटच्या चौकटीवर घामाच्या दिवसांत सरकतो. तो घेतलाच तर सोबत मिळणारे वाटीसारखे टेकू स्क्रूने पक्के बसवा, आणि पाय जमिनीवर टेकलेले ठेवूनच लटका.

कायमचं काम करायचं असेल तर भिंतीवर पक्का दांडा. मिस्त्रीला आधी एक भोक पाडायला सांगा आणि खाली कागद धरा. लाल भुकटी म्हणजे मातीची वीट. राखाडी भुकटी आणि ड्रिल कण्हत असेल तर काँक्रीट. राखाडी पण सहज जात असेल तर फ्लाय अॅशची वीट. पांढुरकी, पावडरीसारखी हलकी भुकटी आणि ड्रिल लोण्यात सुरी गेल्यासारखं आत गेलं, तर ती हलक्या ब्लॉकची भिंत. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा अशाच असतात आणि तिथे लटकत्या माणसाचं वजन साधा अँकर धरत नाही. तिथे बीम किंवा कॉलम शोधायचा, नाहीतर दांड्याचा नाद सोडून पट्ट्यावर भागवायचं. भाड्याचं घर असेल तर भोकाआधी घरमालकाला फोन.

खालच्या मजल्यावरचे काका

“वरतून काय पाडून राहिले जी रोज सकाळी?” आमच्या खालचे काका एकदा जिन्यात थांबवून म्हणाले. त्यांना वाटत होतं की आमच्याकडे फरशीचं काम चाललंय.

नव्या माणसाला भीती असते की स्लॅब वजन पेलेल का. राहत्या खोलीचा स्लॅब आपल्या बांधकाम मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरून आखतात. तुमचं ३० किलो लोखंड एका कपाटाएवढंही नाही. अडचण आपटण्याची आहे, आणि आवाजाची. जिगसॉसारख्या जोडायच्या फोमच्या मॅट दिसायला छान असतात, पण लोखंडाखाली दबून खड्डे पडतात. जाड रबर हवं.

माझा शोध गोठ्यातला. गाई-म्हशींखाली अंथरायची रबरी मॅट, साधारण १५ मिमी जाड, पशुखाद्य आणि डेअरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. गाय उभी राहते त्यावर, तुमच्या डंबेलचं काय घेऊन बसलात! वास मात्र जबर. धुवून आठवडाभर बाल्कनीच्या सावलीत ठेवली तरी थोडा राहतोच. जागा किती? दोन्ही हात पसरून गोल फिरा आणि मग आडवे पडा. तेवढी मोकळी जागा असेल तर झालं. पंख्याखाली उभं राहून हात वर करून पाहायला विसरू नका, हे कुणी आधी सांगत नाही.

बेंच आणि जे घेऊ नये ते

बेंच तीन-चार महिन्यांनी. तोवर मॅटवर पाठ टेकून डंबेल ढकला. कोपर फरशीला लागले की थांबायचं, खांद्यांनाही ते सोयीचं. घ्यायचा झाला तर दुकानातच त्यावर आडवे होऊन कुल्ले डावी-उजवीकडे हलवा. कुरकुरला तर घरी बोंबलणार. पाइपाचा गेज विचारा, आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १४ गेज हा १६ पेक्षा जाड. किती किलो पेलतो ते लिहिलेलं असतं, त्यात तुमचं आणि हातातल्या लोखंडाचं वजन एकत्र धरायचं. पाठ टेकून दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले पाहिजेत.

लांब बारबेल आत्ता नको. ऑलिंपिक रॉड २.२ मीटर लांब आणि रिकामाच २० किलोचा. दहा फुटांच्या खोलीत दोन्ही टोकांना प्लेट चढवायला जागाच उरत नाही, आणि स्टँडशिवाय तो खांद्यावर घ्यायचा कसा? पोटाच्या चरबीची यंत्रं, एकाच खांबाला सतरा व्यायाम लटकवलेलं ‘होम जिम’, थरथरणारा पट्टा, यांच्यावर मी एक ओळही खर्च करणार नाही.

नवतपा, कूलर आणि पावसाळा

नागपुरात लोखंडाचे दोन वैरी. एक कूलर. मार्चपासून जूनपर्यंत त्याची ओली हवा ज्या कोपऱ्यावर जाते, तिथे बीडावर तांबूस डाग यायला वेळ लागत नाही. दुसरा पावसाळा. उपाय साधा: वापर झाल्यावर घाम पुसायचा आणि महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, रॉडच्या आट्यांवर विशेष. गंज आलाच तर पॉलिश पेपरने घासा, पुसा, तेल लावा.

रबराचं उलटं आहे. त्याला तेल लावायचं नाही आणि ऊन दाखवायचं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गच्चीवर विसरलेला पट्टा चिकट होतो, मग तडकतो. थोडी टाल्कम पावडर लावून कापडी पिशवीत, आतल्या खोलीच्या कपाटात ठेवा. दर वेळी ताणण्याआधी पूर्ण लांबीवरून बोट फिरवा. बारीक कापलेली जागा लागली तर पट्टा फेकून द्या, गाठ मारून वापरायचा विचारही नको.

गच्चीवर व्यायाम करत असाल तर लोखंड रात्री खाली आणा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी नऊला उन्हातला डंबेल उचलून पाहा म्हणजे कळेल. त्या दिवसांत मी साडेपाचला सुरू करून साडेसहाला आत असतो, वजन नेहमीपेक्षा एक पायरी खाली ठेवतो आणि पाण्यात चिमूटभर मीठ टाकतो. बीपीवाल्यांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

तीन महिन्यांनंतरची दुसरी खरेदी

वही उघडा. ज्या हालचालीत सगळ्या प्लेटी लावूनही १५ वेळा सहज होतंय, तिच्यासाठीच वाढवा. बहुतेकांचे पाय आधी पुढे जातात. तिथे लगेच लोखंड घेण्याआधी एका पायावरच्या बैठका करून बघा, तेच वजन अचानक दुप्पट वाटतं. मग ५ किलोच्या चार प्लेटी, जमलं तर थोडे लांब रॉड. खांदे अडकले असतील आणि १ किलोची पायरीही जड जात असेल, तर एका सेटला, म्हणजे एका फेरीला, वजन वाढवा आणि उरलेले सेट जुन्याच वजनावर करा. दोन आठवड्यांनी दुसऱ्या सेटलाही वाढवा. त्यासाठी नवं काही घ्यायला लागत नाही.